लीलाबाईंची उपकारस्तुती

नळाला पाणी नसताना नळासमोर हात जोडून उभी असलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? मी काही वर्षं रोज पाहत होते. विक्रोळीच्या हौसिंग बोर्डाच्या वसाहतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दारं समोरासमोर, आणि दिवसभर उघडी. संध्याकाळी पाणी यायची वेळ झाली की मजल्यावर बादल्यांचा खडखडाट सुरू व्हायचा, 'आलं का गं, आलं का' अशी चौकशी सुरू व्हायची, आणि समोरच्या मोरीत लीलाबाई पाटोळे रिकामी बादली नळाखाली लावून, डोळे मिटून, पाण्याबद्दल देवाचे आभार मानत असायच्या. पाणी आलेलं नसायचं. कधी कधी त्या दिवशी ते येणारही नसायचं. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो लीलाबाई, आधी येऊ तर द्या." डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आल्यावर काय, कोणीही मानेल." त्या दिवशी पाणी आलं नाही. आमच्या पिंपातलं पाणी त्यांनी माझ्याकडून मागून नेलं आणि त्याबद्दलही देवाचेच आभार मानले. माझे मानायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लीलाबाई ख्रिस्ती, नगरकडच्या. नवरा शांतवन कारखान्यात लेथवर होता, त्याच्यामागे त्या मुंबईत आल्या. अंगाने काटकुळ्या, उंच, कपाळ मोकळं, पदराला टाचण्या टोचलेल्या आणि गळ्यात कायम शिवणाची टेप. एकदा रविवारी तशाच उपासनेला गेल्या, आणि पाळकसाहेबांनी हाक मारून सांगेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. घरी शिवणाचा क्लास चालवायच्या. वसाहतीतल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे ब्लाउज शिकल्या आणि लग्न होऊन गेल्या.

मीही त्यांच्याकडे गेले होते. माझ्या भावाच्या लग्नासाठी आईने दिलेलं रेशमी कापड होतं, अगदी मोजकं. लीलाबाईंनी ते टेबलावर पसरलं, खडूने आखलं, कात्री उचलली आणि डोळे मिटले. झालं, सुरू. त्या कापडाबद्दल आभार, माझ्या आईबद्दल आभार, माझ्या भावाच्या होणाऱ्या बायकोबद्दल आभार, जिला त्यांनी पाहिलंही नव्हतं. क्लासच्या मुली मान खाली घालून उभ्या. माझी शाळेत जायची वेळ टळत चाललेली. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि आमचे हेडमास्तर फार कडक होते. शेवटी मी खाकरले. लीलाबाई म्हणाल्या, "एकदा कापलं की परत जोडता येत नाही, परबवहिनी. आधी बोलून घेतलेलं बरं." मग कात्री चालवली, आणि उजवी बाही आखूड कापली. मी डोक्याला हात लावला. त्यांनी दोन्ही बाह्या आखूड केल्या, सांगितलं की हल्ली अशीच फॅशन आहे, आणि लग्नात सगळ्यांनी मला विचारलं, ब्लाउज कुठे शिवलास.

त्यांच्या घराचा एक नियम होता, आधी उपकार आणि मग मागणं. संध्याकाळी पेटीवर एखादं गीत व्हायचं आणि मग प्रार्थना. त्यात पहिल्यांदा गाऱ्हाणं मांडायला बंदी होती. देवाचे आभार पुरते मानून झाले, की मग काय हवं ते मागायचं. त्यांची मुलगी कृपा मला सांगायची, "काकू, गणितात नापास झाले तेव्हा मी इतके आभार मानले, इतके मानले, की मागण्याची वेळ येईपर्यंत आईला झोप आली." कृपा हसली की तिला दम लागायचा, म्हणून ती हसता हसता तोंडावर हात धरायची.

आमच्या सासूबाईंना हा नियम अजिबात पटत नव्हता. त्या मालवणच्या. त्यांच्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावचा मानकरी उभा राहून खणखणीत आवाजात देवाला सगळं ऐकवतो, कोणाला काय दुखतं, कोणाचं काय अडलं, आणि जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात. देवाला आधी नीट कळायला हवं, हा त्यांचा हिशेब. दुपारी दोघी तांदूळ निवडायला बसल्या की हाच वाद. सासूबाई म्हणायच्या की दुखतं ते न सांगता नुसते आभार मानत बसलं तर देवाला वाटेल, हिचं बरं चाललंय, जाऊ दुसरीकडे. लीलाबाई म्हणायच्या, त्याला सगळं दिसतं, आपल्यालाच तो दिसायला हवा. दोघींपैकी कोणी हटायची नाही. तांदूळ मात्र स्वच्छ निवडून व्हायचे.

शांतवन वारले ते हायवे ओलांडताना. पहिल्या पाळीला निघाले होते, ट्रकने उडवलं. दफन करून मंडळी परतली तेव्हा दुपार उलटली होती. मायलेकी सकाळपासून उपाशी होत्या, म्हणून मी खिचडी-कढी करून घेऊन गेले. पानं वाढली. लीलाबाईंनी हात जोडले. मला वाटलं, आज तरी दोन शब्दांत आटपतील. पण त्यांनी शांतवनचे आभार मानायला सुरुवात केली. तो त्यांना पाहायला आला तेव्हा चुकून शेजारच्या घरात शिरला होता, त्याबद्दल. तो पेटी शिकला, त्याबद्दल. त्याने कधी हात उचलला नाही, त्याबद्दल. कृपाला लहानपणी ताप आला तेव्हा तिला खांद्यावर घालून तो दवाखान्यापर्यंत धावत गेला होता, त्याबद्दल. आवाज फुटत होता, पण त्या थांबत नव्हत्या. समोर ती पोर भुकेने आणि रडून अर्धमेली झाली होती आणि कढीवर साय धरत होती. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. रड ना बाई, मोकळी हो, नाहीतर त्या ट्रकवाल्याला शिव्या घाल. त्यांनी ते काही केलं नाही. आमेन म्हटलं आणि गार खिचडी खाल्ली. मी घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर उगीचच ओरडले.

आता कृपाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. लहानपणच्या त्या तापाने तिच्या काळजाची एक झडप खराब करून ठेवली होती. शाळेत असेपर्यंत निभावलं. कॉलेजात गेली आणि जिना चढवेना. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायची, आणि कोणी जवळून गेलं की चप्पल नीट करण्याचं नाटक करायची. मोठी हुशार आणि तोंडाळ पोर. टायपिंगच्या परीक्षा पास झाली होती. तिला फोर्टमधल्या एखाद्या ऑफिसात नोकरी करायची होती. मला म्हणायची, "काकू, मला एकदा धावत जाऊन बस पकडायचीय. सुटलेली बस. कंडक्टरने शिव्या दिल्या तरी चालतील." शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लागेल, आणि लवकर लागेल. नाव लिहून घेतलं. तारीख काही दिली नाही. तिच्यापुढे खूप नावं होती.

लीलाबाईंनी त्या संध्याकाळी डॉक्टरांबद्दल देवाचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात इस्पितळाबद्दल मानले. तारखेसाठी हातपाय हलवायचे म्हणून काही त्यांनी केलं नाही. आमच्या ह्यांचा चुलतभाऊ वसंत त्याच इस्पितळात बाह्यरुग्ण विभागाच्या ऑफिसात होता. राहायला घाटकोपरला. माणूस कामाचा, पण भयंकर मानी. त्याच्याकडे काम सांगायचं तर आधी त्याच्या मोठेपणाचं कौतुक करावं लागे. मी ते सगळं केलं. तो म्हणाला, कोणाची तारीख रद्द झाली तर मधे नाव घालता येतं, डॉक्टर माझं ऐकतात, बघतो. मी उड्या मारत लीलाबाईंकडे गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पायडल थांबवलं आणि विचारलं, "आमची कृपा मधे शिरली, तर मागे कोण ढकललं जाईल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, लीलाबाई, सगळं शहर असंच चाललंय, रॉकेलपासून शाळेच्या अॅडमिशनपर्यंत, तुम्ही एकट्या रांगेत उभ्या राहून काय होणार आहे. त्या म्हणाल्या की त्यांना रांगेकडे बघायचंच नाही, पुढे किती आणि मागे किती हे मोजत बसलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्यांना देवाकडे बघायचंय. त्याच्या हातात तारीख आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या खोलीतून कृपा आली. दाराला टेकून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू देवाकडे बघतेस ते ठीक आहे. पण दम मला लागतो."

लीलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "वसंतभाऊंना सांगा, बघा म्हणावं."

मला वाटलं, आपण जिंकलो. मी वसंतकडे निरोप धाडला. लीलाबाईंनी मान्य केलं ते अगदी मनापासून केलं, एकदा ठरवल्यावर त्या कुरकुर करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण मान्य केल्यावर त्यांनी काय करावं? तर त्यांनी उपकारस्तुतीची सभा ठेवली.

उपकारस्तुती म्हणजे देवाने काही चांगलं केलं की घरी मंडळी बोलवायची, गाणी गायची, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि चहा-फराळ. मूल झालं, नोकरी लागली, आजारातून माणूस उठलं, की त्यांच्यात अशी सभा होते. सगळ्यांची सभा गोष्ट घडल्यावर होते. लीलाबाईंची आधी. मी त्यांना परोपरीने सांगितलं की ऑपरेशन होऊ दे, पोर घरी येऊ दे, मी स्वतः लाडू वळते. त्यांच्या मंडळीतल्या एक-दोघींनीही सांगून पाहिलं. त्या ऐकतील तर शपथ. म्हणाल्या, "तुमच्या वसंतभाऊंच्या हातात आम्ही काम दिलंय. आता देवाच्या हातातही द्यायला नको?" रविवारी दुपारी सभा ठरली. आदल्या दिवशी मी आणि सासूबाई लाडू वळायला त्यांच्याकडे बसलो, कारण मी कितीही चिडले तरी शेजारधर्म शेजारधर्म असतो.

सभा मोठी झाली. मुलुंड-भांडुपपासून लोक आले. जिन्यापर्यंत चपलांचा ढीग. पेटी, तबला, गाणी, नुसता दणका. कृपा नवं पिवळं पातळ नेसून मधोमध खुर्चीवर बसली होती आणि डोळे वर करून मला खुणावत होती, बघा काकू माझं काय चाललंय. लीलाबाई उभ्या राहून बोलल्या. देवाने माझ्या मुलीला बरं केलं आहे म्हणाल्या. मी आत कपबशा विसळत होते. माझ्या हातून एक कप फुटला.

त्याच सभेच्या वेळी वसंत आला होता. हे मला नंतर कळलं. पुढच्याच आठवड्यात घाटकोपरला एका नातेवाईकाच्या बारशाला तो भेटला, आणि माझ्याशी बोलेना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. रविवारी तो स्वतः तोंडी सांगायला विक्रोळीला आला होता. कोणातरी पेशंटला ताप भरला म्हणून त्याचं ऑपरेशन रद्द झालं होतं आणि वसंतने डॉक्टरांना गळ घालून ती जागा कृपासाठी धरून ठेवली होती. सोमवारी सकाळी तिला भरती करायचं होतं. तो वर आला तर जिन्यात चपला, आतून गाणी. दारातल्या एका बाईने त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्याने विचारलं, काय आहे हे? ती म्हणाली, कृपाच्या ऑपरेशनची उपकारस्तुती. वसंतला आमच्यासारखंच एवढं माहीत होतं की काम झाल्यावर ही माणसं असे आभार मानतात. त्याला वाटलं, यांचं काम दुसऱ्याच कोणीतरी करून दिलं, पाद्र्यांची ओळख निघाली असेल, आणि आपल्याला कोणी कळवलंसुद्धा नाही. तो लाडू हातात घेऊन तसाच खाली उतरला. सोमवारी ती जागा पालघरकडच्या एका मुलाला गेली.

"एक आत येऊन विचारलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?" मी म्हटलं. तो म्हणाला, "पेढे वाटून झाले होते वहिनी, मी काय विचारू?" लाडूंना तो पेढे म्हणाला हेसुद्धा मला सहन झालं नाही. त्याचाही राग आला, बारशाला जमलेल्या सगळ्यांचाच राग आला. मी न जेवता घरी आले आणि तडक समोरच्या घरात शिरले.

तिथे मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. सासूबाई मला आवरायला आल्या. मी शेवटी म्हटलं, "एक गोष्ट तरी आधी होऊ द्यायची होती, लीलाबाई. एकच."

लीलाबाई खाली फरशीवर बसल्या. कृपा कॉलेजातून यायची होती. मग त्या बोलल्या, आणि प्रार्थनेबाहेर इतकं लांब बोलणं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

"तुम्हाला वाटतं, मला दिसत नाही. जिन्यात ती कुठे कुठे थांबते ते मला इथं बसून कळतं, परबवहिनी. काल पहिल्या मजल्यावरच बसली. तेवढंच ऐकत राहिले तर मी वेडी होईन. म्हणून मी मान वर करते. दर वेळी ठरवून करावी लागते. आपोआप होतं असं समजू नका. त्या दिवशी सभा ठेवली ती मला धीर नव्हता म्हणून. धीर असता तर कशाला ठेवली असती?"

सासूबाई त्यांच्याजवळ खाली टेकल्या आणि म्हणाल्या, "मगे ह्या तेका सांग. आमका सांगान काय उपेग? तुझो देव गाऱ्हाण्याक भिता काय?"

त्या संध्याकाळी समोरच्या घरात पेटी वाजली नाही. दार उघडंच होतं. लीलाबाईंनी हात जोडले आणि सरळ मागायला लागल्या. चूक माझी आहे, तिची नाही, म्हणाल्या. मला काय करायचं ते कर, पण तिला तारीख दे. आभाराचा एक शब्द नव्हता. आवाज असा चढला होता की सासूबाई आमच्या स्वयंपाकघरात हातातली पळी घेऊन उभ्या राहिल्या आणि हळूच 'होय म्हाराजा' म्हणाल्या. समोरून कृपाने मोठ्याने आमेन म्हटलेलं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई माझ्याबरोबर घाटकोपरला वसंतकडे गेल्या. माझी कल्पना होती की त्या माफी मागतील, तारखेचं बोलतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "ज्या मुलाला ती जागा मिळाली तो कसा आहे?" वसंत गोंधळला. म्हणाला, बरा आहे, ऑपरेशन चांगलं झालं. "त्याचं नाव काय?" वसंतने नाव सांगितलं. लीलाबाई म्हणाल्या, "बरं झालं," आणि त्यांनी डोळे मिटले. असा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. त्या मुलाने काय केलं होतं बिचाऱ्याने, पण त्या क्षणी मला त्याचं नावसुद्धा ऐकायचं नव्हतं. वसंत विरघळला. त्याने खरोखर धावपळ केली, रोज डॉक्टरांच्या मागे लागला. पण तशी जागा रोज रिकामी होत नाही. शेवटी दिवाळीनंतर बघू, असा शब्द मिळाला.

दिवाळीपर्यंत कृपा थांबली नाही. तिला पुन्हा ताप भरला, पाय सुजले, आडवं झोपता येईना. जवळच्या इस्पितळात नेलं. मी शाळेतून रजा काढून तिच्याजवळ बसत होते. शुद्ध होती तोवर ती देवाबद्दल काही बोलली नाही. एकदा फक्त मला विचारलं, काकू, टायपिंगची पुढची परीक्षा कधी आहे, आणि मी सांगितलं, तारीख अजून आलेली नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. ती हसली, तोंडावर हात धरून. आठवडाभरातच ती गेली.

दफनाच्या वेळी सगळे लीलाबाईंकडे बघत होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळी गायली. लीलाबाईंनी ओठ हलवले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या घरातून आवाज आला नाही. नळाला पाणी यायच्या वेळी त्या मोरीत उभ्या राहायच्या, बादली लावायच्या, भरली की उचलायच्या. क्लास बंद झाला. पेटीवर ब्लाउजची कापडं रचलेली. इतकी वर्षं ज्या प्रार्थनांनी माझा जीव नकोसा केला होता, त्या आता ऐकू येत नाहीत म्हणून मी बेचैन होते. सासूबाई तर रोज विचारायच्या, तिनं काय सांगल्यान काय गो देवाक? मी म्हणायचे, नाही. मला एकीकडे वाटत होतं, बरोबर आहे, गप्पच बसावं, काय उरलंय बोलायला. आणि दुसरीकडे वाटायचं, ही बाई आता मरणार.

उन्हाळ्यात त्यांचे नगरचे भाऊ त्यांना न्यायला आले. खोली कोणाला तरी द्यायची ठरली. सामान टेम्पोत चढवलं, मशीन चढवलं. निघायच्या आधी लीलाबाई आमच्या दारात आल्या. आत येऊन बसल्या नाहीत. सासूबाईंच्या पाया पडल्या. मग मला म्हणाल्या, परवापासून पुन्हा प्रार्थना करायला लागलेय.

मी विचारलं, "कशाबद्दल आभार मानता?"

"कृपाचे मानते," त्या म्हणाल्या. "होती तितकी होती, त्याचे. आणि त्या पालघरच्या मुलाचे."

"तुम्हाला राग नाही येत, लीलाबाई? माझ्याशी तरी खरं बोला."

"येतो ना. इतके महिने दुसरं काय करत होते? रागच करत होते. त्याच्यावर, वसंतभाऊंवर, माझ्यावर. पण रागाकडे बघत बसले की मला तो दिसत नाही, आणि तो दिसला नाही तर कृपा कुठे आहे तेही दिसत नाही. म्हणून मी पुन्हा तिकडे बघायचं ठरवलंय. दोन्ही माझ्याच्यानं होत नाही, परबवहिनी."

खालून टेम्पोवाल्याने हाक मारली. त्यांचे भाऊ जिन्यात खोळंबले होते. लीलाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात शिवून शिवून खरखरीत झालेला होता.

"तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात," त्या म्हणाल्या. "तशाच राहा. समजूत घालून घेऊ नका. कृपासाठी कोणीतरी रागावलेलं पाहिजे."

मी बरं म्हटलं. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे सलाम केला आणि त्या खाली उतरून गेल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझ्याकडे सोपवलेलं ते एकच काम, आणि ते मी अजून सोडलेलं नाही.